आबांच्या न्हाणीतलं टिंब

टिंब हिरवं झालं की दाबायचं. पिवळं असताना नाही, लाल असताना तर नाहीच नाही, आणि हिरवं होईपर्यंत उभी आहेस तिथून हलायचं नाही. एवढंच ताईनं सांगितलं होतं. तीनदा सांगितलं होतं, आणि तिन्ही वेळा मी हो हो म्हटलं होतं, आणि तिची गाडी वळणाआड गेली तशी मी अंगणात फोन धरून उभी राहिले ती अशी, की जणू हातात जिवंत कुर्ली आहे. सोडली तर पळेल, धरली तर चावेल. कडेवर मुलगी, चौदा महिन्यांची. तिला फोन म्हणजे खाऊ. ती वाकून वाकून तोंड उघडत होती.

मी तशी भित्रीच. विजेच्या बटणाला ओला हात लागेल म्हणून भिते, एसटीत तिकीट हरवेल म्हणून भिते, पोरगी दोनदा शिंकली की भिते. घरवाला गोव्याला हॉटेलात कामाला, पंधरा दिवसांनी येतो. घरात मी, सासूबाई आणि ही चिमुरडी. आणि असल्या मला गावातले सगळे देवचार नकाशात घालायचं काम मिळालं होतं. मिळालं म्हणजे काय, मीच मागून घेतलं होतं. कसं ते मला अजून कळलेलं नाही.

ताई पुण्याची. कॉलेजात इतिहास शिकवते आणि स्वतःही अजून शिकते, म्हणजे एवढी मोठी होऊन अजून परीक्षा आहेच तिला. आमच्या शेजारी पर्यटकांना खोल्या देतात, तिथे ती राहायला होती. तिला आमचं गाऱ्हाणं हवं होतं. आमच्याकडे काहीही शुभ करायचं तर आधी गाऱ्हाणं घालतात, देवाला मोठ्यानं सांगायचं की बाबा असं असं आहे, सांभाळून घे. आमच्या गावात ते आबा घालतात. आबा देवळाचे मानकरी, सत्तरीच्या पुढचे, पण आवाज पंचविशीतला. ते गावाच्या एकेका जागेचं नाव घेतात, शिवेवरचा, पाणंदीतला, वडाखालचा, खाडीच्या तोंडावरचा, आणि प्रत्येक नावाला सगळे म्हणतात, "व्हय म्हाराजा!" अशा सतरा जागा. बऱ्याच ठिकाणी देऊळबिऊळ काही नाही, एखादा दगड, एखादं झाड. पण तिथे राखणदार असतो. देवचार. तो काठी आपटत शिवेवरून फिरतो आणि गाव राखतो.

ताईच्या डोक्यात असं होतं की ही सतरा नावं आबा ज्या क्रमानं घेतात त्याच क्रमानं नकाशावर टिंबं घालायची, वरून आकाशातून काढलेल्या नकाशावर, आणि मग टिंबाला टिंब जोडून रेघ काढायची.

"मला वाटतं तुमचं गाऱ्हाणं चालतं," ती म्हणाली.

"चालता म्हणजे? रोज चालता," आबा म्हणाले.

"नाही आबा, तसं नाही. पायांनी चालतं. कदाचित तुमच्या आजोबांच्या आजोबांच्या वेळची शीव ह्या नावांमध्ये असेल. कुणी लिहून ठेवली नाही, पण तुम्ही रोज तिच्यावरून तोंडानं फिरून येता."

आबांना हे आवडलं असावं, कारण त्यांनी लगेच मिशीवरून हात फिरवला. नावं त्यांनी दिली, देवळाच्या पायरीवर बसून सगळी सांगितली. पण फिरायला काही तयार नव्हते. "नावां सांगलंय. आता तुजा तू बघ." आणि ताईची तर सुट्टी संपत आली होती, तिला तीन आठवडे पुण्याला जायचंच होतं. ती आमच्या पडवीत बसून चहा घेत होती आणि म्हणाली, ह्या जागा दाखवणारं कुणीतरी मिळायला हवं हो. आणि मी चहाची कपबशी उचलता उचलता म्हणाले, "मला माहीत आहेत."

कपबशी वाजायला लागली.

पण खरंच माहीत होत्या. लग्न होऊन आले त्या वर्षी सासूबाईंनी मला सतराही जागी नेऊन आणलं होतं. नवी सून म्हणजे राखणदारांना दाखवावीच लागते.

ताईनं माझ्याच फोनमध्ये ते अॅप घालून दिलं. मला लिहायला वेळ लागतो, म्हणून जागेचं नाव बोलून ठेवायची सोय करून दिली. आणि जाताना म्हणाली, "हे गाव नीट झालं ना, की खाडीपलीकडची गावंसुद्धा तूच कर. मला तुझ्यासारखी कुणीतरी हवीच आहे."

तुझ्यासारखी. मी भाकरी थापताना ते मनात म्हणून बघितलं. नववीत माझी शाळा सुटली, बाबा आजारी पडले आणि मग राहिलंच. त्यानंतर मला 'हे तू कर' असं सगळ्यांनी म्हटलं, भांडी तू कर, मासे तू कर, पण 'तुझ्यासारखी हवी' असं कुणी म्हटलं नव्हतं. मला पलीकडची गावं पाहिजे होती. इतकी पाहिजे होती की मला माझीच लाज वाटली.

आबांना मात्र ते पटलं नाही. ते ताईला तोंडावर म्हणाले, "ही नववी नापास नकाशो काडतली? माजी नात कॉलेजात आसा. इंग्लिश येता तिका." मी नापास नव्हते, शाळा सुटली होती, पण तेवढं बोलायला तोंड उघडलं नाही. शेवटी ठरलं ते असं, की ताई परत आली की शाळेत सगळ्या गावाला नकाशा दाखवायचा. बरोबर असला तर पुढची गावं माझी. चुकला तर आबांची नात.

घरी सासूबाईंचं वेगळंच.

"देवचाराक फोनात घालतंस?"

"आई, फोटो नाय ओ. फकत टिंब."

"टिंब म्हणजे काय ता?"

"म्हणजे तो खंय आसा, ता."

"तो खंय आसा ता तेका म्हायत आसा. आमकाव म्हायत आसा. पुण्याक कशाक व्हया?"

सकाळी उठून बघते तर पोरीच्या गालावर काजळाची तीट, नेहमीच्या तिप्पट मोठी, अर्धा गाल काळा. आणि सासू मला म्हणाली, "जातंस तर जा. चपलो काडूक इसरा नको."

मग काय. गेले.

काजूला मोहर आला होता, वाटेवर सगळीकडे तो आंबूस वास, आणि मी एका हातात पोर, एका हातात फोन, अशी निघाले. पहिलीच जागा पाणंदीतली. चपला काढल्या, उभी राहिले. टिंब लाल. पोरगी म्हणते उतरव. टिंब पिवळं. पोरगी केस ओढते. टिंब पिवळंच. आणि पायाला मुंग्या लागल्या, लाल, पानांचं घरटं करतात त्या, चावायला लागल्या, आणि हलायचं तर नाही! मी दात आवळून उभी, तोंडानं देवाचं नाव, आणि एकदम हिरवं. मी दाबलं आणि ओरडले, अशी ओरडले की समोरच्या काजीतून दोन साळुंक्या उडाल्या. मग पाय झटकत झटकत नाव बोलले. नंतर ऐकलं तर त्यात जागेचं नाव एकदा होतं आणि 'अगो बाय, मेलंय, मेलंय' चार वेळा. पुसायचं कसं ते येत नव्हतं. तसंच राहिलं.

त्यानंतर मला नादच लागला. घरची कामं आवरायची आणि पळायचं. दिवसाला एक जागा, कधी दोन. लहानपणी आम्ही लंगडी खेळायचो तेव्हा घरात शिरायच्या आधी छातीत जसं व्हायचं तसं व्हायचं हिरवं होण्याआधी. वडाखाली म्हैस मागून येऊन माझा पदर चघळत होती आणि मी हलले नाही. खाडीच्या तोंडावर उन्हात इतका वेळ उभी राहिले की वाटेवरून जाणारी एक बाई थांबून म्हणाली, "गो, कोणाची वाट बगतंस? घोव इलो काय?" मी म्हटलं, "उपग्रहाची." ती "बरा" म्हणून गेली. मासळीबाजारामागच्या जागेचं टिंब पोरीनंच दाबलं. त्याचं नाव 'ग्गग्गग्गा'. तेही पुसता आलं नाही.

सतरावं टिंब झालं त्या दिवशी मी घरी येईपर्यंत पाणंदभर नाचत आले. पोरगी कडेवर उचक्या लागेपर्यंत हसत होती. आणि रात्री भीती वाटली. सगळं इतकं सोपं कसं झालं?

ताई आली. रविवारी सकाळी शाळेचा वर्ग गच्च. खिडक्यांना चादरी लावलेल्या, बाकं भिंतीला सरकवलेली, पुरुष पुढे खुर्च्यांवर, बायका मागे जमिनीवर. प्रोजेक्टर लागला आणि भिंतीवर आमचा गाव आला. वरून. पक्षी बघतो तसा. एकच गलका झाला.

"ता माजा घर!"

"तुजी कौला अजून फुटलेली दिसतत रे!"

"नवी घातलंय मेल्या, फोटो जुनो आसा!"

"आणि ती होडी कोणाची? ह्या दिसात किनाऱ्यार? आळशी कोण तो?"

"तुजीच ती!"

मी मागे, सासूबाईंच्या बाजूला, पोरीला मांडीवर दाबून धरलेली. छाती अशी धडधडत होती की पोरगी माझ्या छातीवर कान ठेवून ऐकायला लागली. ताईनं एक बटण दाबलं आणि माझी सतरा हिरवी टिंबं गावावर उमटली, आणि वर्गात सगळे आ करून बघत राहिले. मला रडूच यायला लागलं. मग ताईनं एका टिंबावर टिचकी दिली आणि भिंतीतून माझाच आवाज आला, सगळ्या वर्गात, "अगो बाय, मेलंय, मेलंय!"

लोक मांड्यांवर हात आपटून हसले. मी पदर तोंडात घातला. पण ते बरं हसणं होतं, मला लागलं नाही.

मग आबा उठले. काठी टेकत भिंतीजवळ गेले. अगदी जवळ, नाक लागेल इतके.

"थांब. ह्या काय?"

"हा तुमच्या वाडीच्या टोकावरचा राखणदार, आबा," ताई म्हणाली.

"ही माजी न्हाणी!"

आबा सगळ्या वर्गाकडे वळले.

"देवचार माज्या न्हाणयेत आंगोळ करता? तेका पाणी तापवन कोण देता, मी?"

वर्ग असा फुटला की विचारू नका. पण आबा हसत नव्हते. काठी पुढे सरकली. "वडाखालचो ह्यो? ह्यो वड खंय, ही गायरी! शेणात घातल्यान तेका. आणि ह्यो खाडयेचो? खडपार आसता तो, पाण्यात. हिणां तेका माडात नेऊन बसवल्यान, शहाळी पिऊक!" एकेका टिंबावर काठी, आणि एकेका काठीला हशा, आणि प्रत्येक हशाबरोबर मी जमिनीत एक वीत खाली. "सतरातली येक जागा बरोबर नाय. येकव नाय! सांगलंय होतंय तुका ताई. उद्या माज्या नातीक बोलवतंय."

मला काही ऐकू येईनासं झालं. कानात नुसती समुद्राची गाज. गेली, पलीकडची गावं गेली, एवढंच. आणि मला खरंच कळत नव्हतं काय चुकलं. मी हलले नव्हते. मुंग्या चावल्या तरी हलले नव्हते. हिरवं झाल्यावरच दाबलं होतं, शप्पथ.

ताईचा चेहरा पडला होता, मला दिसत होतं. मग ती आबांना म्हणाली, तुम्ही खऱ्या जागांवर काठी ठेवा, मी तिथे लाल टिंब घालते. आबांनी ठेवली. एक एक करत सतरा लाल झाली. माझं हिरवं टिंब आणि त्याच्या शेजारचं आबांचं लाल टिंब, दोन्हींना जोडणारी बारीक रेघ तिनं काढली. आणि मग ती हात कमरेवर ठेवून बघतच राहिली.

"गंमत बघा," ती हळू म्हणाली. "फोन चुकला तर कुठेही चुकेल. कधी इकडे, कधी तिकडे. ही सगळी एकाच बाजूला सरकलीत. सगळी घरांच्या बाजूला. शिवेच्या बाहेर एकही नाही, जागेवर एकही नाही." आणि तिनं मागे वळून थेट मला विचारलं, "तू कुठे उभी होतीस?"

सगळा वर्ग वळला.

"जागेवर," मी म्हटलं.

"दगडापाशी?"

"नाही हो ताई! दगडापाशी कशी जाणार? आपल्या जागेवर. बायका उभ्या राहतात तिथे."

ताई बघतच राहिली. मला वाटलं ही आता ओरडणार. पण ती पुन्हा भिंतीकडे वळली. एक टिंब होतं, पाणवठ्याच्या राखणदाराचं, ते बाकीच्यांपेक्षा फारच लांब, वहाळाच्या ह्या काठाला. तिनं त्यावर बोट ठेवलं.

"आणि मग हे एवढं मागे का?"

मी खाली बघितलं. पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरायला लागले. त्या दिवशी का मागे, ते चार बायकांत सांगता येतं, पुढे चाळीस पुरुष खुर्च्यांवर बसलेले असताना नाही. पण ताई थांबायला तयार नाही. "सांग ना, हे महत्त्वाचं आहे. त्या दिवशी काय वेगळं होतं?"

मागून एक म्हातारी ओरडली, "गो पुण्याचे, ता इचारू नको! तुका नाय काय ता?"

आधी एक बाई हसली, मग तिच्या बाजूची, मग सगळ्या, पदर तोंडाला लावून, एकमेकींच्या अंगावर पडून. ताईला दोन क्षण लागले, मग ती अशी लाल झाली, आणि तीही हसायला लागली. पुढच्या खुर्च्यांवरचे सगळे पुरुष अचानक चादरी लावलेल्या खिडक्यांतून बाहेर बघायला लागले.

आणि त्या हसण्यात माझी सासू उठली. गुडघ्यावर हात देऊन, हळूहळू. ती चारचौघांत बोलत नाही. हळदीकुंकवालासुद्धा कोपऱ्यात बसते.

"तिचा बरोबर आसा," ती म्हणाली. "ती सगळी टिंबां बरोबर आसत. थंयच आमी उबी रवतंव. माका माज्या सासवेन दाखयला, तिका मी दाखयलंय. न्हाणयेच्या मागच्या चिऱ्यार. पुढे नाय जाऊचा."

"पण जागो तो न्हय गो!" आबा म्हणाले.

"तुमचो न्हय. आमचो तोच."

"नकाशो तुमच्या जाग्यार चलाचो नाय! नातीक बोलवतंय मी, शिकलेली आसा, बरोबर काडीत."

"बोलवा," सासूबाई म्हणाल्या. "तुमची नात खंय उबी रवतली आबानू? न्हाणयेतच!"

मी आयुष्यात असा हशा ऐकलेला नाही. खुर्चीवरचे लोकसुद्धा हसले. आबांनी काठी उचलली, काहीतरी बोलायला गेले, आणि ती काठी तशीच वर राहिली, कारण खरंच, नात कुठे उभी राहणार?

मग बायका थांबेचनात. एक उठली, म्हणाली वडाखालचं चुकीचं आहे, मी त्याच्याही पुढे पाच पावलं जाते. दुसरी म्हणाली, जाशीलच, तू ह्या गावची लेक, लेकींना जायला मिळतं, आम्ही सुना. मग त्यावरून भांडण. माहेरवाशिणीनं कुठपर्यंत, नव्या नवरीनं कुठपर्यंत, भिंतीसमोर गर्दी, प्रोजेक्टरच्या उजेडात सगळ्यांची डोकी, गावावर बायकांच्या सावल्या. ताई वहीत लिहितेय, लिहितेय, पेन संपलं, कुणीतरी दुसरं दिलं. शेजारची काकू, नवरा जाऊन बारा वर्षं झालेली, ती सगळ्यांच्या मागून हळूच म्हणाली, "माजा टिंब खंय घालतलंस? माका थंयसरव जाऊक गावना नाय." ताईनं तिला पुढे बोलावलं, आणि काकूनं बोटानं नाही, हनुवटीनं दाखवलं, गावाच्या पार ह्या टोकाला, तिच्याच घराचा उंबरा.

आबा खुर्चीत बसले होते. कुणाकडे न बघता म्हणाले, "म्हणजे मी इतकी वर्सा शिवेर गाऱ्हाणा घालतंय, ता तुमी इतक्या लांबसून आयकतास?"

"आयकाक खंय येता आबानू," मागची म्हातारी म्हणाली. "वारो आसता. आमी नुसता 'व्हय म्हाराजा' म्हणतंव."

पण सभा संपली तेव्हा ताई वायरी गुंडाळत होती. "मला विचार करायला हवा," ती म्हणाली. "माझ्या सरांशी बोलायला हवं." आणि लॅपटॉप छातीशी धरून गेली. बायका मला टाळ्या देत होत्या आणि मी दाराकडे बघत होते. बरोबर आहे म्हणजे काय? तिला दगड हवा होता, मी न्हाणी दिली. गाऱ्हाण्याची रेघ माझ्या टिंबांवरून काढली तर ती शीव नव्हे, परसातल्या वाटा. दोन दिवस मी काही खाल्लं नाही. तिच्या खोलीवरून मुद्दाम तीनदा गेले, आत ती कुणाशी तरी फोनवर भरभर बोलत होती, इंग्रजीत. मला त्यातलं एकच कळलं, 'वुमन, वुमन'. बरं की वाईट?

तिसऱ्या दिवशी सकाळी ती दारात. डोळ्यांखाली काळं. "चूक माझी आहे," ती म्हणाली. "टिंब कधी दाबायचं ते मी तीनदा सांगितलं. उभं कुठे राहायचं ते एकदाही सांगितलं नाही. मला वाटलं ते सगळीकडे एकच असतं." मग म्हणाली, पुन्हा करायचं. दोघांनी. आबांनी दगडापाशी उभं राहायचं, तू तुझ्या जागेवर. दोन नकाशे. एकावर एक ठेवता येतील असे.

"आणि आबा?"

"आबा खाली उभे आहेत. केव्हाचे."

होतेच. स्वच्छ धोतर, डोक्याला टोपी, आणि चेहरा असा की ह्या सगळ्याशी आपला काही संबंध नाही.

त्यानंतरचे दिवस मी कुणाला सांगितले तर खोटे वाटतील. आबा ताईचा फोन घेऊन दगडापाशी, मी पोरीला घेऊन बायकांच्या जागेवर, आणि मधून ओरडणं.

"हिरवो झालो काय ओ आबानू?"

"पिवळो! मेलो पिवळोच रवता!"

"हलू नका!"

"हलनंय नाय! तुज्या चेडवाक सांग, ता हसता!"

पोरगी हसायचीच. आबा श्वास रोखून ताठ उभे, फोन दोन हातांनी छातीसमोर, जसा काही तुळशीला दिवा दाखवतायत. पोरीला त्याहून मोठी गंमत दुसरी नव्हती. तिसऱ्या जागेपासून ते हिरवं झालं की स्वतःच ओरडायला लागले. पाचव्या जागेला मला उपदेश करायला लागले, की मुलगी अशी धरायची नसते. आणि खाडीतल्या खडपावरच्या जागेला, ओहोटीनं खडक उघडा पडलेला आणि समुद्राचा वारा भरभर वाहत असताना, टिंब झाल्यावर ते लगेच निघाले नाहीत. तिथून माझ्याकडे चालत आले, सावकाश, तोंडात काहीतरी पुटपुटत. माझ्यापाशी पोचले तेव्हा मला ऐकू आलं. "शेचाळीस." पावलं मोजली होती. वळून दगडाकडे बघितलं, मग माझ्याकडे. परत जाताना त्यांनी गाऱ्हाणं घातलं, विनाकारणच, आणि अशा आवाजात घातलं की वाऱ्यातूनही मला शब्दन्‌शब्द कळला. ह्या लेकराचा काय चुकला माकला असात ता सांबाळून घे म्हाराजा. मी इतकी जोरात "व्हय म्हाराजा" म्हटलं की पोरगी दचकली.

ताई पुण्याला गेली. आठवड्यानं तिचा आवाज फोनवर आला, मी तो सासूबाईंना चार वेळा ऐकवला. मंगळवारी पलीकडच्या गावापासून सुरू कर. आधी बायकांना विचार.

मंगळवारी मी होडीतून खाडी ओलांडली. पोरीच्या गालावर तीट, पिशवीत पाण्याची बाटली, पेज, फोन. आपल्या गावात भिणं वेगळं, परक्या गावात भिणं वेगळं. तिथे मला कोण ओळखणार? कोण जागा दाखवणार? होडीवाल्यानं उतरवलं आणि तो परत गेलासुद्धा. विहिरीवर एक बाई कपडे आपटत होती. मी तिच्यापुढे जाऊन उभी राहिले, आणि जे बोलायचं पाठ करून आले होते ते सगळं विसरले.

"कोणाची गो तू?" ती म्हणाली.

"पलीकडची. सून."

"काय व्हया?"

"तुमच्या शिवेर राखणदार आसा मां," मी एका दमात म्हटलं, "थंय तुमी बायलो खंय उबी रवतास?"

तिनं हातातलं कापड तसंच धरलं. माझ्याकडे बघितलं, पोरीकडे बघितलं, फोनकडे बघितलं.

"ता इचारूक इलंस? होडयेन?"

"व्हय."

तिनं कापड पिळलं, बादलीत टाकलं, हात पदराला पुसले आणि वरच्या घरांकडे तोंड करून अशी हाक मारली की विहिरीत घुमली. "चला गो सगळी! नकाशेवाली इली!"

मी मागे वळून बघितलं, कोण आली म्हणून. मागे नुसती खाडी.